चहापुरता वारा

वारा फुकट मिळतो असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला परसातला खड्डा दाखवीन, माझा डावा खांदा दाखवीन, आणि एवढ्यावरही त्याचं समाधान झालं नाही तर व्हर्नाचा फ्लॅनेलचा गाऊन दाखवीन. व्हर्ना म्हणजे माझी बायको. गाऊनचं पुढे येईलच.

आमच्या ग्रेसबीत वारा थांबत नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाटीवर त्याला अडवायला आहे तरी काय? गव्हाचं एक उंच कोठार आणि मी. ऑगस्टातल्या एका सकाळी व्हर्नानं दोरीवर घातलेली चादर सुटली, कुंपण ओलांडून शेजारच्या आर्व्हिड लुंडच्या कुत्र्यावर जाऊन पडली, आणि ते कुत्रं चादरीसकट चर्चपर्यंत जाऊन आलं. व्हर्नानं चादर परत आणली, टेबलावर आपटली आणि म्हणाली, "बस्स झालं, एल्डन. घर विकू या."

"एका चादरीपायी?"

"चादरीपायी नाही, वाऱ्यापायी! लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. उठता-बसता कानाशी आपलं घोंघों, घोंघों. ग्लेनिसच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय. नववा मजला आहे. खिडक्या उघडतच नाहीत."

ग्लेनिस ही हिची धाकटी बहीण, सस्कॅटून शहरात असते. ज्या उघडायच्याच नाहीत त्या खिडक्या मुळात लावल्या कशाला, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण या घराशिवाय मला जगता येणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. नवव्या मजल्यावर गॅरेज नसतं. रूबार्बच्या भाजीचा वाफा नसतो. ज्याच्याशी कुंपणावरून वर्षानुवर्षं भांडलो तो आर्व्हिड नसतो. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. अशा वेळी माणसानं रडून घ्यावं. मी बोललो.

"वारा वाईट नसतो, व्हर्ना. रिकामटेकडा असतो. त्याला कामाला लावलं पाहिजे. याच वाऱ्यावर मी तुला चहा उकळून दाखवतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. व्हर्नानं चादरीची घडी घातली, तीही शांतपणे. ती शांतपणे घडी घालते तेव्हा मी घाबरतो.

"दाखव," ती म्हणाली. "ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगचा सण आहे, त्या सोमवारी ग्लेनिस जेवायला येतेय, फ्लॅटचे कागद घेऊन. त्या दिवशी तिच्यासमोर वाऱ्यावर केलेला एक कप चहा दे. उकळलेला, हं. कोमट चालणार नाही. दिलास तर राहू. नाहीतर मी सही करणार."

आता दोन शब्द माझ्याविषयी, म्हणजे एल्डन पेनरविषयी. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेणं, हे माझं जन्माचं काम. गावातले निम्मे लोक माझ्या हातून पहिल्यांदा पास झाले आणि बाकीचे निम्मे नापास. नापास झालेले जास्त दिवस लक्षात ठेवतात. आमच्या भागात एक पद्धत आहे. समोरून गाडी आली की चालवणाऱ्यानं स्टिअरिंगच्या चाकावरून पहिलं बोट उचलायचं. ओळख असो-नसो, उचलायचं. हा आमचा रामराम. मी मात्र जन्मात ते बोट उचललेलं नाही. दोन्ही हात, सगळ्या बोटांसह, चाकावर पाहिजेत असा नियम आहे, आणि तो नियम शिकवणाऱ्यानंच मोडला तर मग राहिलं काय? त्यामुळे ‘पेनर फार शिष्ट आहे’ असं गावात बोललं जातं. बोलोत बापडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेलो. आमच्याकडे दुकानाच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी रोज कॉफीला बसतात आणि दुसऱ्यांच्या कामांविषयी निर्णय घेतात. आधी दहा मिनिटं हवेविषयी बोलायचं, मग विषयाला हात घालायचा, असा शिरस्ता आहे. माझा विषयच हवेचा असल्यामुळे ही दहा मिनिटं वाचली.

"पवनचक्की?" नेस्टर कोझाक पुढे सरसावला. नेस्टरची शेती आता मुलं बघतात. याच्याकडे राहिलंय ते भंगार. त्याच्या परसात काय नाही ते विचारा. "कसली? उभ्या दांड्याची की आडव्या?"

"उभ्या," मी म्हणालो. मी वाचून गेलो होतो. नेहमीची पवनचक्की पंख्यासारखी वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. वारा फिरला की हिलाही मान वळवावी लागते. उभ्या दांड्याची असली हांजी हांजी करत नाही. लोणी काढायच्या रवीसारखा मधे उभा दांडा आणि भोवती पाती. वारा कुठूनही येवो, ही आपली जागच्या जागी गरगरते. एकदम स्वाभिमानी यंत्र. माझं आणि तिचं जमणार असं मला वाटलं.

"नाही चालायची," आर्व्हिड म्हणाला. आर्व्हिडनं आयुष्यभर ते गव्हाचं कोठार सांभाळलं. तो मूळचा नॉर्वेच्या घराण्यातला आणि त्याला कुठलीच गोष्ट चालेल असं वाटत नाही. स्वतःच्या लग्नातही तो हेच म्हणाला होता. ते अजून चाललंय.

"पिंपं देतो," नेस्टर म्हणाला. "उभी चिरायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. वारा पोटात शिरला की फिरलंच पाहिजे."

पिंपं आली. ती गुरांच्या खाण्यात मिसळायच्या काकवीची होती, हे मला ती चिरल्यावर कळलं. माझ्याआधी ते गांधीलमाश्यांना कळलं. तीन दिवस मी मधमाश्यावाल्याची जाळी घालून वेल्डिंग केलं आणि आर्व्हिड कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बघत बसला. "डावीकडची माशी चिडलीय," एवढी मदत त्यानं केली.

अखेर यंत्र उभं राहिलं. मी खालची खुंटी काढली आणि ते खरंच फिरलं! मला इतका आनंद झाला की मी आर्व्हिडशी हात मिळवला. पण फिरता फिरता त्यानं एक आवाज काढला. कसा सांगू? डुक्कर दारात अडकलं तर काढील तसा. गावातली सगळी कुत्री एका सुरात रडायला लागली, आणि आर्व्हिडचं कानातलं श्रवणयंत्र शिट्टी मारू लागलं.

"थांबव ते!" आर्व्हिड ओरडला.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी सुरू करण्याची सोय केली होती, थांबवण्याची केली नव्हती. ज्या माणसानं जन्मभर पोरांना ‘आधी ब्रेक तपासा’ म्हणून दटावलं त्याच्या हातून हे झालं, यात वाऱ्याचाच दोष आहे. त्या आवाजात विचारच करता येत नव्हता. मी येणारं पिंप दोन्ही हातांनी धरलं. पिंप थांबलं नाही. मीही मग थांबलो नाही.

माझे पाय जमिनीवरून सुटले आणि मी फिरू लागलो. नेमक्या त्याच वेळी पाद्रीबाई मिसेस वीब गाडीतून चालल्या होत्या. त्यांनी गाडी हळू केली, मला पाहिलं आणि रीतीप्रमाणे बोट उचललं. मी गेलो. परत आलो. त्यांनी पुन्हा बोट उचललं. माणूस समोर आला की उचलायचं, मग तो कितव्यांदा का येईना; बाई रीतीला पक्क्या. मी दर फेरीला तोंडभर हसत होतो, पण हात सोडणं शक्य नव्हतं. शेवटी खालचं बेअरिंग अडकलं आणि मी रूबार्बमध्ये खड्डा पाडत जाऊन पडलो. खांदा तेव्हाचा.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती: पेनर आता स्वतःच्या परसातसुद्धा बोट उचलत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी नगर कार्यालयातून बोलावणं आलं.

कार्यालयात ट्विला बोयचुक बसते. एकटीच बसते, आणि सगळं गाव तिच्या शिक्क्यावर चालतं. या ट्विलाला तिच्या तरुणपणी मी गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास केलं होतं. पहिल्यांदा तिनं समोरून येणाऱ्या आजीला पाहून बोट उचललं. दुसऱ्यांदा पाद्र्याला. तिसऱ्यांदा तर प्रत्यक्ष माझ्या बायकोला! तिन्ही वेळा ती रडत म्हणाली होती, "अहो, पण ओळखीचं माणूस होतं!" आणि तिन्ही वेळा मी म्हणालो होतो, "परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो." आजही विचाराल तर हेच म्हणेन.

"बसा ना, मिस्टर पेनर," ट्विला गोड आवाजात म्हणाली. "दोन्ही हात टेबलावर ठेवलेत तरी चालतील."

मी मांडीवर ठेवले.

"तुमच्या परसात उभं आहे ते काय आहे?"

"पवनचक्की."

"आमच्या नियमांत पवनचक्की नाही. निशाणाचा खांब आहे, अँटेना आहे, दुकानाची पाटी आहे, बुजगावणं आहे. यांतलं काय आहे ते?"

"यांतलं काहीच नाही."

"मग ते तिथे उभं नाही," ट्विला म्हणाली, "असं मला लिहावं लागेल. आणि जे उभं नाही ते शुक्रवारपर्यंत पाडावं लागेल."

मी बुजगावण्याविषयी चौकशी केली. त्याला शेजारी मक्याचं पीक लागतं. निशाणाच्या खांबाला निशाण लागतं आणि ते फिरलेलं चालत नाही. आम्ही दोघांनी मिळून ती नियमावली पानन्‌पान वाचली. नियमावर प्रेम असलेली दुसरी व्यक्ती या गावात आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. शेवटी तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"कपडे वाळवण्याचं फिरतं साधन. परवानगीची गरज नाही. उंचीची मर्यादा नाही." ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "मात्र त्या कामासाठी ते नियमित वापरलं गेलं पाहिजे. मी दर सोमवारी येऊन बघेन. कपडे दिसले नाहीत तर पाडायचं."

"पवनचक्कीवर कपडे?"

"परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो, मिस्टर पेनर."

घरी येऊन मी व्हर्नाला हे सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "म्हणजे माझी दोरी सोडून आता मी ओले कपडे त्या डुकरावर घालायचे?" एवढंच तिनं विचारलं, आणि पुढचा बटाटा जरा जास्तच सोलला.

एव्हाना मी यंत्रात सुधारणा करायला घेतली होती. पिंपं काढून टाकली. कट्ट्याचं मत पडलं की पाती हलकी आणि सडपातळ हवीत. पागोळ्यांचं पाणी वाहून नेतात ते पन्हळ चिरून मी तीन उभी पाती केली. ब्रेक बसवला, दोन बसवले. वीज करण्यासाठी मोटर हवी होती. मोटर बाहेरून फिरवली की वीज देते, आणि चांगली मोटर व्यायामाच्या चालत्या पट्ट्यात, म्हणजे ट्रेडमिलमध्ये, असते, असं नेस्टर म्हणाला. आमच्या तळघरात व्हर्नाचा चालता पट्टा होता. ती त्यावर कधीच चालली नव्हती. टॉवेल वाळत घालायची. मी तो उघडला.

"माझा पट्टा!" व्हर्ना जिन्यात उभी होती.

"तू वापरत नव्हतीस."

"आता वापरणार होते! सस्कॅटूनला गेल्यावर!"

ट्रकवाले गाडीत वापरतात तसली एक कपाची छोटी किटली मी मोटरीला जोडली. नवं यंत्र दिसायला देखणं होतं, आवाज शून्य. आवाज शून्य असण्याचं कारण ते फिरत नव्हतं. वारा आमच्या टोप्या उडवत होता, आर्व्हिडच्या छपराचे पत्रे वाजवत होता, आणि ही तीन पाती त्यात साध्वीसारखी स्तब्ध. हातानं ढकलून दिलं की चार फेऱ्या जोरात घेई आणि पुन्हा ध्यानस्थ.

"वाऱ्याला धरायला काहीतरी पाहिजे," नेस्टर म्हणाला.

"मी सांगितलं होतं," आर्व्हिड म्हणाला. त्यानं काय सांगितलं होतं ते कुणी विचारलं नाही.

पहिला सोमवार उजाडला. ट्विला फाटकाशी येऊन उभी राहिली. व्हर्नानं न बोलता धुण्याची टोपली माझ्या पायाशी ठेवली आणि आत निघून गेली. मी, एल्डन पेनर, भर दिवसा, लोकांसमोर, पवनचक्कीवर माझ्या लोकरीच्या लांब विजारी चिमटे लावून टांगल्या. आमच्याकडे हिवाळ्यात या आत घातल्याशिवाय माणूस जगत नाही, पण म्हणून काही त्या चारचौघांत आणायच्या नसतात. शेवटी व्हर्नाचा फ्लॅनेलचा गाऊन लावला. जांभळा, वर पिवळी बदकं.

वाऱ्याची एक झुळूक आली. विजारींच्या पायांत वारा भरला. गाऊन टम्म फुगला. आणि यंत्र हळूच हललं.

"फिरतंय!" नेस्टर किंचाळला.

फिरत होतं! कुणी न ढकलता, आपलं आपण! विजारी आडव्या होऊन धावू लागल्या, गाऊन त्यांच्या मागे, किटलीवरचा लाल दिवा लागला आणि मी आनंदानं ट्विलाला मिठी मारणारच होतो, तोवर चिमटे सुटले. एक विजार आर्व्हिडच्या खुर्चीत जाऊन बसली. दुसरी मिसेस वीब यांच्या दारात. व्हर्नाचा गाऊन मात्र दोन्ही बाह्या पसरून गावावरून शांतपणे उडत गेला आणि गव्हाच्या कोठाराच्या टोकावर अडकला.

"नियमित वापर," ट्विला वहीत लिहीत म्हणाली. "सिद्ध झाला."

गाऊन काढायला अग्निशमन दलाची शिडी आणावी लागली. सगळं गाव खाली उभं होतं. बदकं लांबूनही स्पष्ट दिसत होती. व्हर्ना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "नवव्या मजल्यावर ड्रायर आहे."

पण आता मला गुपित सापडलं होतं. कट्ट्यावर चर्चेला ऊत आला. कुणाची विजार वारा जास्त धरते? आर्व्हिडचं म्हणणं, त्याच्या आजोबांच्या नॉर्वेच्या विजारीची वीण इतकी घट्ट आहे की तिच्यातून वाराच काय, बातमीसुद्धा जात नाही. नेस्टरनं त्याच्या दिवंगत सासूबाईंची विजार आणली. ती प्रशस्त होती. भल्या घरचे, नातवंडं असलेले आम्ही तीन पुरुष रोज सकाळी कॉफी संपवून परसात यायचो आणि एकमेकांचे आतले कपडे वाऱ्यावर धरून मान हलवायचो. मी विजारींचे पाय तळाशी शिवून टाकले, चिमट्यांच्या जागी पट्टे लावले. तरी सगळ्यांत सरस निघाला तो व्हर्नाचाच गाऊन. तो नसला की यंत्र नुसतं कुथायचं. तो लावला की पळायचं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी किटलीतल्या पाण्यातून पहिली वाफ निघाली. नेस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्व्हिड म्हणाला, "सोमवारी चालायचं नाही." पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मग तो कुंपणाकडे बघत म्हणाला, "तू गेलास तर इथे राहायला येणारा माणूस कुत्रा पाळणारा असेल की मांजर, काही सांगता येत नाही." आर्व्हिडच्या तोंडून यापेक्षा मायेचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आणि सोमवारी वारा पडला.

पडला म्हणजे नाहीसाच झाला. सकाळी उठलो तर कान बंद झाल्यासारखे वाटले. धुराड्यांतून धूर काठीसारखा सरळ वर जात होता. पोस्टासमोरचं निशाण लोंबताना पाहून लोकांनी ट्विलाला घरी फोन केले, कोण गेलं म्हणून. आर्व्हिड सवयीनं वाऱ्यावर रेलून घराबाहेर पडला आणि तोंडावर पडता पडता वाचला. एवढी सत्तर वर्षं वाहिला मेला, आणि नेमका आज!

दुपारी ग्लेनिस आली. तिनं गाडीतून उतरून हवा हुंगली. "अगं, आज तर छान आहे की इथे," ती म्हणाली, आणि कागदांचं पाकीट टर्कीशेजारी ठेवलं. "भावोजी, चहा कुठाय?"

"होतोय," मी म्हणालो आणि मागच्या दारानं परसात पळालो. यंत्र निश्चल होतं. गाऊनची बदकं माना टाकून लोंबत होती. मी पायरीवर बसलो. संपलं, असं मला वाटलं. रूबार्ब, गॅरेज, कट्टा, सगळं संपलं. आणि मला खरोखर रडू आलं, ऑगस्टात यायला हवं होतं ते.

फाटक वाजलं. नेस्टर होता, मागे आर्व्हिड, आणि त्यांच्या मागे वही काखेत धरून ट्विला. सुट्टीचा दिवस, पण सोमवार तो सोमवार.

नेस्टरनं माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, कोट काढून कुंपणावर टाकला. "किती वजन असेल?"

"कशाला?"

"ढकलायला, कशाला!"

"ते वाऱ्यावर व्हायला पाहिजे," मी म्हणालो. "असा नियम ठरलाय."

"आम्ही धावलो की वारा लागेल त्याला," नेस्टर म्हणाला. "ऊठ."

एका पात्याला नेस्टर, एकाला आर्व्हिड, एकाला मी. यंत्र जड निघालं. नेस्टरच्या सासूबाईंची विजार माझ्या तोंडावर येत होती. आम्ही घाण्याला जुंपलेल्या बैलांसारखे गोल गोल निघालो. पाचव्या-सहाव्या फेरीला आर्व्हिडला दम लागला, तेव्हा ट्विलानं वही पायरीवर ठेवली, "सरका," म्हणाली आणि त्याच्या शेजारी खांदा लावला. किटलीवरचा लाल दिवा मिणमिणला.

आमचा फेरा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जात होता. खिडकीत व्हर्ना उभी होती, हात साबणात, तोंड उघडं. समोरून जाताना नेस्टरनं पात्यावरून बोट उचललं. आर्व्हिडनं उचललं. ट्विलानं उचललं. व्हर्ना याच भागातली. तिचा हात आपोआप वर आला आणि साबणाचं एक बोट हललं. आम्ही पुढे गेलो, गोल फिरून परत आलो. पुन्हा तीन बोटं उचलली गेली. पुन्हा खिडकीतलं साबणाचं बोट. पुढच्या फेरीला तिच्या शेजारी ग्लेनिसही येऊन उभी राहिली होती, आणि शहरात जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचंही बोट उचललं गेलं.

"पेनर," नेस्टर धापा टाकत म्हणाला, "अरे, बायको आहे तुझी."

"दोन्ही हात—"

"मिस्टर पेनर," ट्विला मागून म्हणाली, "ही गाडी नाही. हे कपडे वाळवण्याचं साधन आहे."

मी विचार केला. कायद्यानं तिचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या फेरीला खिडकी आली तेव्हा मी उजव्या हाताचं पहिलं बोट उचललं. फार नाही, एवढंसं. व्हर्नाच्या हातातली बशी पाण्यात पडली. मग ती हसायला लागली. काचेतून आवाज येत नव्हता, पण ती ओट्याला धरून वाकून हसत होती.

आमचे पाय चालेनासे झाले तेव्हा मी किटली मोटरीपासून सोडवली. वाफ नव्हती. बुडबुडे नव्हते. बोट बुडवून पाहिलं तर बोटाला काही विशेष वाटलं नाही. मी तेच पाणी कपात ओतलं, चहाची पुडी बुडवली आणि आत घेऊन गेलो. मागे तिघं दारात दाटीनं उभे राहिले. घामानं थबथबलेले.

ग्लेनिसनं टर्कीत खुपसायचा तापमापक उचलला. व्हर्नानं तो तिच्या हातातून काढून घेतला. "तो टर्कीचा आहे. चहात घालायचा नसतो."

तिनं कप तोंडाला लावला. एक घोट घेतला. माझं घर त्या घोटात होतं.

"उकळलाय," व्हर्ना म्हणाली.

"वाफ कुठेय?" ग्लेनिसनं विचारलं.

"फुंकर घातली मी."

"अगं, मी बघत होते. तू कुठे—"

"ग्लेनिस, कागद उचल तिथून. रस्सा सांडेल."

मी तोंड उघडलं. काय करणार, जन्माची सवय. समोर चुकीचा निकाल लागत होता आणि तो दुरुस्त करणं माझं कर्तव्य होतं. "व्हर्ना, खरं म्हणजे तो—"

ट्विलानं माझ्या पायावर पाय दिला, टाचेनं. "परीक्षकाचा निर्णय," ती माझ्या कानाशी म्हणाली, "अंतिम असतो."

त्या दिवशी सगळे आमच्याकडेच जेवले. आर्व्हिडनं टर्कीला नावं ठेवली आणि तीनदा वाढून घेतली. ग्लेनिस पाकीट घेऊन परत गेली. गल्लीच्या टोकाला वळताना तिनं चाकावरून बोट उचलल्याचं मी पाहिलं. तिची गाडी दिसेनाशी झाली आणि कोठाराच्या बाजूनं पहिली झुळूक आली. मग दुसरी. मग नेहमीसारखा तो सुटलाच, घोंघों करत. व्हर्ना दारात उभी राहून ऐकत होती.

"सकाळपासून कसं सुनं सुनं वाटत होतं," ती म्हणाली. "शेजारी कुणी वारलं की वाटतं तसं."

"व्हर्ना, तो चहा कोमट होता."

"कोमट? थंड होता, एल्डन."

"मग पास कसं केलंस?"

"इतक्या वर्षांत हजारदा समोरून गाडी घेऊन गेला असशील माझ्या. एकदा बोट उचललं नाहीस. लोक विचारायचे, भांडण झालंय का म्हणून." ती डोळे पुसत होती, वारा असला की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. "आज उचललंस."

"ते यंत्र वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून—"

"एल्डन."

"काय?"

"वारा वाढलाय. माझा गाऊन काढून आण, नाहीतर परत कोठारावर जाईल."

मी धावलो. यंत्र भरात आलं होतं. आधी एक ब्रेक लावला, मग दुसरा. गाऊन सोडवला तर तो हातातून निसटू बघत होता, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला. तरी खिडकीसमोरून परत येताना एक बोट मोकळं ठेवलं.